नावात दोघांच्याही ‘इंडिका’: शिवनेरीची शिंदळ माकुडी आणि भीमाशंकरचा शेकरू, कुणाला किती धोका?

एक फुलझाड आहे, ते जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याच्या कड्यावर उगवतं. एक प्राणी आहे, तो तिथून जवळच भीमाशंकरच्या जंगलात झाडांच्या शेंड्यावरून उड्या मारतो. झाडाचं नाव शिंदळ माकुडी, प्राण्याचं नाव शेकरू. शास्त्राच्या पुस्तकात पाहिलं तर एक ‘फ्रेरिया इंडिका’ आणि दुसरा ‘रटुफा इंडिका’. दोघांच्या नावात ‘इंडिका’, म्हणजे भारतातला.

शेकरू आपल्या राज्याचा राज्यप्राणी. शाळेतल्या पोरालाही तो माहीत आहे. शिंदळ माकुडी मात्र किल्ल्यावर दर वर्षी जाणाऱ्या माणसालाही ओळखता येत नाही. गंमत अशी की जगाच्या यादीत शेकरू ‘कमी चिंतेच्या’ गटात बसतो आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेली शिंदळ माकुडी धोक्यातल्या वनस्पतींमध्ये मोजली जाते.

‘कमी चिंता’ हे दोन शब्द मोबाईलवर वाचून काही जणांचा गैरसमज होतो. शेकरूला धोका नाही, मग धरला तर काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. बिघडतं. का बिघडतं, ते समजून घेण्यासाठी आधी हे दोघे कोण, मग त्यांना धोका किती आणि शेवटी कायदा काय म्हणतो, हे क्रमाने पाहू.

आधी नावाची भानगड समजून घेऊ

मतदार यादीत आडनाव आधी येतं आणि नाव नंतर. शास्त्रीय नावाचंही तसंच आहे. पहिला शब्द म्हणजे प्रजाती, ते झालं आडनाव. दुसरा शब्द जातीचा, ते झालं नाव. ही दोन शब्दांची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी रूढ केली. वनस्पतींसाठी १७५३ चा आणि प्राण्यांसाठी १७५८ चा त्यांचा ग्रंथ आजही पाया मानला जातो.

म्हणून नुसतं ‘इंडिका’ जुळलं म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. गावात दोन घरी ‘संतोष’ असला म्हणून ते भाऊ होत नाहीत. आंब्याचंही शास्त्रीय नाव ‘मँजिफेरा इंडिका’ आहे. तो ना शेकरूचा नातेवाईक, ना शिंदळ माकुडीचा.

दोघांची कुंडली

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड असते: सृष्टी, संघ किंवा विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. सर्वात वर मोठा गट, खाली येईल तसा लहान. त्या उतरंडीत दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहू.

सृष्टी: शिंदळ माकुडी वनस्पती, शेकरू प्राणी.
मोठा गट: शिंदळ माकुडी सपुष्प आणि आवृतबीजी, म्हणजे फुलणारी आणि फळाच्या आत बी धरणारी. शेकरू पाठीचा कणा असलेला.
वर्ग: शिंदळ माकुडी द्विदल, म्हणजे बियात दोन डाळी. शेकरू सस्तन, म्हणजे पिल्लांना दूध पाजणारा.
गण: शिंदळ माकुडी जेन्शियानेलीज, शेकरू कृंतक.
कुल: शिंदळ माकुडी ॲपोसायनेसी, शेकरू सायुरिडी म्हणजे खारींचं कुल.
प्रजाती: फ्रेरिया, रटुफा.
जाती: दोघांचीही इंडिका.

म्हणजे अगदी पहिल्या पायरीवरच दोघांची वाट वेगळी झाली. पुढे कुठेही ती जुळत नाही.

शिंदळ माकुडीचे भाऊबंद

ॲपोसायनेसी कुल म्हटलं की अवघड वाटतं, पण त्यातली माणसं घरचीच आहेत. बांधावरची रुई, अंगणातली सदाफुली, कण्हेर, तगर, देवळापुढचा चाफा, उन्हाळ्यात खातो ती करवंदं, सातवीण, हे सगळे याच कुलातले. यातल्या बहुतेकांचं पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक येतो. रुईचं बोंड उकललं की रेशमी झुपके लावलेलं बी वाऱ्यावर उडतं, पोरं त्याला ‘म्हातारी’ म्हणतात. शिंदळ माकुडीचं बीसुद्धा तसंच उडतं.

झाड म्हणावं तर ते छोटं आहे. बोटासारखं मांसल, हिरवट-करडं खोड. कड्याच्या खाचेत रुजून खाली लोंबतं किंवा खडकावर पसरतं. पावसाळ्यात त्याला पानं फुटतात, पाऊस सरला की पानं गळतात आणि नुसतं खोड उरतं. पाणी त्या खोडात साठवून ते उन्हाळा काढतं. त्याच्या जवळच्या नात्यातल्या मांसल झुडपांना, उदाहरणार्थ माकडशिंगीला, अशी नीट पानं येत नाहीत. हिला येतात. म्हणूनच वनस्पतीशास्त्राच्या अभ्यासकांना तिचं एवढं कौतुक.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला फुलं येतात. फूल लहान, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, लालसर-जांभळं आणि त्यावर पिवळे डाग. वास मात्र गोड नाही. हे फूल मधमाशीसाठी नाहीच, ते माशीसाठी आहे. माशी येते, तिच्या पायाला परागांची चिमुकली पुरचुंडी अडकते आणि ती दुसऱ्या फुलावर पोचते. या कुलातल्या रुई आणि शिंदळ माकुडीच्या शाखेत पराग सुटे उडत नाहीत, असे पुरचुंडीतच जातात. त्यामुळे माशी आली नाही तर फळ नाही.

शेकरूचे भाऊबंद

कृंतक म्हणजे कुरतडणारे. या गणाची खूण दातात आहे. पुढचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडून ते झिजवावे लागतात. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सगळे कृंतक. इथे लोकांची दोन ठिकाणी गफलत होते. ससा कृंतक नाही, त्याचा गण वेगळा. चिचुंद्रीही कृंतक नाही, दिसायला उंदरासारखी असली तरी ती किडे खाणाऱ्या वेगळ्या गणातली. मुंगूस तर मांसाहारी गणातलं.

शेकरू म्हणजे मोठी खार. पाठीवर गडद तपकिरी-तांबूस रंग, पोट पिवळसर-पांढरं, झुपकेदार शेपूट अंगापेक्षा लांब. वजन दीड ते दोन किलोपर्यंत. साधी खार जमिनीवर येऊन शेंगदाणे उचलते, शेकरू मात्र सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो सहा मीटरपर्यंतची, म्हणजे वीस फुटांची झेप घेतो. दिवसा हिंडतो, बहुतेक वेळा एकटाच. फळं, फुलं, कोवळा पाला, झाडाची साल हे त्याचं खाणं.

काटक्या आणि पाला वापरून तो झाडाच्या उंच, बारीक फांद्यांवर गोल घरटं बांधतो. बारीक फांदीवर जड शिकारी पोचत नाही, एवढा हिशेब त्याला कळतो. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो. वन विभाग शेकरूंची मोजणी करतो तेव्हा घरट्यांवरून अंदाज घेतो, पण म्हणूनच दिसलेली घरटी म्हणजे तेवढे शेकरू असं गणित चालत नाही.

दोन गव्हर्नर आणि एक वाद

दोघांमध्ये आणखी एक साम्य निघतं. शिंदळ माकुडीची नोंद जुन्नर परिसरातून झाली. १८६५ च्या सुमारास डॅल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने तिला नाव दिलं ते बार्टल फ्रिअर यांच्यावरून. फ्रिअर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. शेकरूच्या जातीला नाव आधीच, १७७७ मध्ये मिळालं होतं. पण पश्चिम घाटाच्या या भागातल्या शेकरूला कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये ‘एल्फिन्स्टोनी’ हे नाव लावलं, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून. तेही १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर. भीमाशंकरचा शेकरू म्हणजे हीच उपजाती, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं.

वादही दोघांच्या वाट्याला आला. शेकरूच्या उपजाती नक्की किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. शिंदळ माकुडीला काही जण स्वतंत्र प्रजाती मानतात, म्हणजे फ्रेरिया या आडनावाची जगात ती एकटीच. काही जण तिला जवळच्या दुसऱ्या प्रजातीत घालून नाव बदलतात. म्हणून एखाद्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. एखादा गट वेगळा मानला की त्याची संख्या वेगळी मोजली जाते आणि धोका दिसतो. तोच गट मोठ्या जातीत मिसळला की धोका आकड्यात बुडून जातो.

जगाची लाल यादी काय असते?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, ज्याला आययूसीएन म्हणतात, १९६४ पासून लाल यादी चालवतो. त्यात नऊ गट आहेत:

१) नामशेष
२) वन्य अवस्थेत नामशेष, म्हणजे फक्त बागेत किंवा पिंजऱ्यात उरलेले
३) अतिसंकटग्रस्त
४) संकटग्रस्त
५) असुरक्षित
६) संकटसमीप
७) कमी चिंतेचे
८) माहिती अपुरी
९) मूल्यमापन न झालेले

गट अंदाजाने ठरत नाही. संख्या किती वेगाने घटली, राहण्याची जागा किती उरली, ती तुकड्या-तुकड्यांत विभागली का, प्रजननक्षम नमुने किती, हे मोजतात. उदाहरणार्थ, प्रजननक्षम नमुने ५० पेक्षा कमी उरले तर जात अतिसंकटग्रस्त ठरते, २५० पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त.

आता शेकरू. तो फक्त आपल्याकडे नाही. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत, ओडिशापर्यंत आणि खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत त्याची जंगलं पसरली आहेत. एवढ्या पसाऱ्यामुळे तो ‘कमी चिंतेच्या’ गटात बसतो. पण त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती म्हणजे संख्या घटत चालली आहे. मोबाईलवर पहिला शब्द दिसतो, दुसरा कुणी वाचत नाही.

शिंदळ माकुडीचं उलटं आहे. ती जगात फक्त महाराष्ट्रात सापडते. तीही सगळीकडे नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, साताऱ्याचा सज्जनगड अशा मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर. एखाद्या कड्यावर वणवा गेला, दरड कोसळली किंवा झुडूप समजून कुणी ती उपटली, तर तिच्या जगातल्या एकूण जागांपैकी एक जागा कायमची गेली.

डांगची गोष्ट

‘कमी चिंता’ या शब्दावर विसंबून राहू नये, याचं उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच आहे. गुजरातच्या डांग भागात शेकरूची एक फिक्या रंगाची उपजाती होती. ती नामशेष झाली असं मानलं जातं. तिकडची जंगलं तुटली, शेंड्याला शेंडा लागेना, आणि ती दिसेनाशी झाली. तरी ‘शेकरू’ ही जात मोठ्या यादीत आजही ‘कमी चिंतेची’च आहे. कारण यादी सबंध जातीचा हिशेब करते, आपल्या तालुक्याचा नाही.

हीच या तुलनेतली मुख्य गोष्ट. यादीतला गट सांगतो की जगातून काय जाईल. आपल्या डोंगरावरून काय जाईल, ते आपल्यालाच पाहावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

लाल यादी हा कायदा नाही. कायदा आपल्या देशाचा वेगळा. दोघांच्या बाबतीत तो कसा लागतो ते थोडक्यात:

शेकरू: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्टात शेकरूचं नाव आहे. त्याला मारणं, सापळा लावणं, जिवंत पकडणं हे सगळं कायद्याने शिकारीतच मोडतं. पिल्लू सापडलं म्हणून घरी पाळणंही चालत नाही. आणि यात जागेची अट नाही. अभयारण्यात असो, मालकीच्या रानात असो की देवराईत, गुन्हा तो गुन्हाच. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स करारानुसार बंधन आहे.

शिंदळ माकुडी: वनस्पतींसाठी याच कायद्यात १९९१ मध्ये वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि सुरुवातीला देशभरातल्या फक्त सहा वनस्पती किंवा वनस्पतीगट त्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली. यावरूनच दिसतं की प्राण्यांच्या मानाने झाडांकडे कायद्याचं लक्ष किती उशिरा गेलं. शिंदळ माकुडीचं नाव केंद्राच्या निर्यातबंदीच्या यादीत आहे, म्हणजे रानातून काढून परदेशी पाठवता येत नाही. शिवाय राखीव वनातून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणतंही झाड उपटणं हा गुन्हा आहेच.

आणि आपला वनहक्क? वनहक्क कायदा २००६ गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क देतो. त्यामुळे हिरडा गोळा करणाऱ्याने शेकरूच्या नावाने घाबरायचं कारण नाही. पण त्याच कायद्याने शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. हिरडा आपला, शेकरू नाही.

दोघांचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं

शेकरूला सलग जंगल लागतं. झाडाला झाड लागून असलं तर तो या डोंगरावरून त्या डोंगरावर जातो. मध्ये पंचवीस-तीस फुटांची मोकळी पट्टी पडली, की त्याच्यासाठी तो तुटलेला पूल. खाली उतरला की कुत्री गाठतात. म्हणून रस्त्यासाठी, शेतघरासाठी किंवा सरपणासाठी तोडलेलं एक मोठं झाड कधी कधी दहा झाडांएवढं महाग पडतं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरलं आहे. तिथल्या जुन्या देवराया शेकरूला अजून सांभाळून आहेत, कारण देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हा नियम कायद्याच्याही आधीचा.

शिंदळ माकुडीला सलग जंगल नको, तिला तिचा कडा हवा. तिचा शत्रू म्हणजे गवताला लावलेली आग, चरणारी शेळी, आणि ‘दुर्मिळ आहे’ ऐकून मुळासकट उपटून नेणारा हौशी माणूस. खरं तर तिच्या खोडाचा तुकडाही रुजतो, त्यामुळे रोपवाटिकेत ती वाढवणं फार अवघड नाही. परदेशातले शौकीनसुद्धा ती कुंडीत वाढवतात. पण कुंडीतल्या झाडाने कड्यावरची जागा भरून निघत नाही. तिथली माशी, तिथली खाच, तिथला पाऊस यांच्यासकट ती टिकली तरच टिकली म्हणायचं.

गावाने काय करायचं?

• ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने हे ठरलं आहे. पुढच्या ग्रामसभेत ती वही मागून बघा. शेकरूची घरटी कोणत्या रानात, कड्यावरच्या दुर्मिळ वनस्पती कोणत्या, याची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर जाणत्या माणसांना सोबत घेऊन करून घ्या.

• दुर्मिळ झाड दिसलं तर फोटो काढा, झाड काढू नका. आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. ‘जुन्नर तालुका’ एवढं पुरे.

• शेकरूचं पिल्लू खाली पडलेलं किंवा जखमी शेकरू सापडला तर घरी नेऊ नका, दूध-चपाती भरवू नका. कुत्री लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. वणवा दिसला तरी हाच क्रमांक.

• बांधावरचं, देवराईलगतचं मोठं झाड तोडण्याआधी एकदा वर बघा. शेंड्याला गोल घरटं दिसलं तर थांबा आणि वनरक्षकाला विचारा.

• गडावर स्वच्छतेच्या मोहिमेला जाताना तटावरची आणि कड्यावरची झुडपं सरसकट उपटू नका. तटाला धोका देणारा पिंपळ-वड वेगळा आणि कड्याला बिलगलेली शिंदळ माकुडी वेगळी. ओळखणारा माणूस बरोबर घ्या.

एकाला राज्याने मान दिला, दुसरीला अजून ओळखही मिळाली नाही. पण दोघांचा पत्ता आपल्याच तालुक्यांतला आहे. शेकरू आपल्याकडून गेला तर केरळात तरी उरेल. शिंदळ माकुडी आपल्या कड्यांवरून गेली, तर तिला शोधायला जगात दुसरीकडे कुठे जाता येणार नाही.